टिळक गाव निवडायचे, लक्ष्मीबाई सामान बांधायच्या. मग त्यांनी अटी घातल्या आणि नगरला संसार उभा राहिला

शेवगावातून बाहेर पडायचं तर आजही रेल्वे नाही. एसटी, नाहीतर स्वतःची गाडी. एक रस्ता नगरला जातो आणि तिथून पुण्याला. दुसरा पैठणवरून छत्रपती संभाजीनगरला. नवीन लग्न झालेलं जोडपं गाव सोडायचं ठरवतं, तेव्हा याच दोन रस्त्यांवर चर्चा सुरू होते. नोकरी चाकणला चांगली की वाळूजला? भाडं कुठं कमी? गावाकडं यायला किती तास?

सगळा हिशोब झाल्यावर एक प्रश्न हमखास राहून जातो. तिचं काय? तिला तिथं काम मिळेल का, तिच्या ओळखीचं कोण आहे, तिला तिथं रहायचं आहे का?

हा प्रश्न काही आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात, नगर शहरात, एका जोडप्याचा संसार या प्रश्नापाशी येऊन थांबला होता. नवरा मराठीतला नावाजलेला कवी. बायको शाळेची पायरी न चढलेली. पंधरा वर्षं नवऱ्याने गावं बदलली आणि ती मागं मागं गेली. शेवटी नवऱ्याने असं काही केलं की तिने जायला नकार दिला. आणि जेव्हा ती गेली, तेव्हा स्वतःच्या अटींवर गेली.

ही गोष्ट आहे लक्ष्मीबाई टिळकांची. स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. त्यांचे पती म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, ते वेगळे. हे फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे टिळक.

जलालपूरची मनू

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा. गाव नाशिकजवळचं जलालपूर. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणायचे.

मनूचे वडील सोवळ्या-ओवळ्याच्या बाबतीत इतके कडक होते की त्याचा घरादाराला त्रास व्हायचा. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. कुणाचा स्पर्श झाला, कुणाची सावली पडली की पुन्हा पाणी. या घरात वाढलेल्या मुलीच्या अंगात सोवळं किती मुरलं असेल याचा अंदाज करा. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

दुसरीकडे नारायण टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आईवर विलक्षण जीव. वडील तापट. लहानपणीच आई गेली आणि नारायणाचं घरातलं मन उडालं. तो नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. थोडं इंग्रजी शिकला, कविता करायला लागला.

१८८० मध्ये या दोघांचं लग्न झालं. मुलगी अकरा-बारा वर्षांची, मुलगा एकोणिसाव्या वर्षात. मनूची लक्ष्मी झाली.

पंधरा वर्षांत किती गावं?

टिळकांचा स्वभाव समजला की या संसाराचा नकाशा समजतो. माणूस हुशार, प्रेमळ, उदार. पण एका जागी टिकणं त्यांना जमायचंच नाही. डोक्यात एखादी गोष्ट आली की ते उठून चालू लागायचे. कधी सांगून, कधी न सांगता. हातात पैसे आले की वाटेत कुणी गरजू भेटायचा आणि पैसे तिथंच संपायचे.

नाशिक झालं. वणी झालं. मुरबाड झालं. मुंबई, पुणे झालं. कुठं शिक्षकी, कुठं कीर्तन, कुठं पुराण सांगणं. मग नागपूर. तिथं मात्र थोडं बरं चाललं. श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. ऋषी नावाचं मासिक त्यांनी चालवलं. विद्वान म्हणून नाव झालं.

या सगळ्यात लक्ष्मीबाई कुठं होत्या? कधी सासरी, कधी माहेरी, कधी नणंदेकडे, कधी टिळकांबरोबर. बिऱ्हाड मांडायचं, भांडी जमवायची, शेजाऱ्यांशी ओळख करायची. जरा घडी बसली की टिळकांचं मन उठायचं. मग भांडी विका, उरलेली बांधा आणि निघा.

त्या काळातल्या बाईला कुठं रहायचं हे कुणी विचारत नव्हतं. ती पद्धतच नव्हती. पण लक्ष्मीबाईंनी पुढे स्मृतिचित्रेमध्ये या दिवसांचं जे वर्णन केलंय, त्यात रडगाणं जवळपास नाही. त्यांना आपल्या फजितीचंही हसू यायचं. भांडण व्हायचं तेही कडाक्याचं, आणि दोघं पुन्हा बोलायलाही लागायचे. टिळकांनी तिला अक्षरं शिकवायचा प्रयत्न केला तोही याच धावपळीत, अर्धामुर्धा. आणि तेवढ्या भांडवलावर ती कविता करायला लागली.

रेल्वेच्या डब्यात मिळालेलं पुस्तक

नागपूरनंतर टिळकांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. आज हे गाव छत्तीसगडमध्ये आहे. नागपूरहून तिकडं जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. कवितेवरून बोलणं सुरू झालं, ते धर्मावर गेलं. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबल दिलं आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं.

टिळकांनी ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. पण पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. जातिभेद देशाला पोखरतोय, हे त्यांचं मत आधीपासून होतं. एखादा नवा धर्मच काढावा असंही त्यांच्या मनात घोळत होतं. आता त्यांनी गुपचूप मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा नाशिककडे, नातेवाइकांत होत्या. त्यांना आधी विचारलेलं नव्हतं. बातमी आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

यावेळचा बदल एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याचा नव्हता. नवऱ्याच्या हातचं पाणी आता चालणार नव्हतं. त्याच्या पंगतीत बसता येणार नव्हतं. त्याच्या घरी रहायला गेलं तर भाऊ, बहीण, नणंद, सगळं गोत तुटणार होतं. पदरात दत्तू नावाचा लहान मुलगा. त्याचं काय करायचं?

लक्ष्मीबाईंना हा धक्का सोसवला नाही. त्या जिवाचं बरंवाईट करून घेतील अशी भीती नातेवाइकांना वाटायला लागली. नवरा जिवंत होता, कपाळावर कुंकू होतं, पण संसार संपल्यात जमा होता.

कायद्याने मोकळं होता येत होतं

इथं एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते.

१८६६ मध्ये इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. एखाद्या हिंदू माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या कारणावरून त्याच्या बायकोने किंवा नवऱ्याने सोबत रहायला नकार दिला, तर धर्म बदललेल्या व्यक्तीला कोर्टात जाता यायचं. कोर्ट दुसऱ्या बाजूला विचार करायला मुदत द्यायचं. तरी नकार कायम राहिला तर लग्न मोडता यायचं आणि दुसरं लग्न करता यायचं.

म्हणजे टिळकांपुढे कायदेशीर मार्ग खुला होता. वय पस्तिशीच्या आत. विद्वान म्हणून नाव. बायको यायला तयार नाही. कोर्टात अर्ज केला असता तर नवा संसार मांडता आला असता.

टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रं लिहीत राहिले. कवी माणूस असल्यामुळे पत्रांत कविता यायच्या. लक्ष्मीबाई कधी चिडायच्या, कधी रडायच्या, पण पत्राची वाट बघायच्या.

ही ताटातूट चार-दोन महिन्यांची नव्हती. वर्षं गेली. लक्ष्मीबाई नाशिकला नातेवाइकांकडे राहिल्या, दत्तूला घेऊन काही काळ पंढरपूरला राहिल्या. नातेवाईक जीव लावणारे होते, पण दुसऱ्याच्या घरात किती दिवस काढणार? टिळक भेटायला यायचे. नवरा-बायको समोरासमोर बसायचे, मध्ये सोवळ्याची भिंत असायची.

लक्ष्मीबाईंपुढे दोनच पर्याय दिसत होते. नातेवाइकांत राहून नवरा गमवायचा, नाहीतर नवऱ्याकडे जाऊन आपला धर्म आणि आपली माणसं गमवायची. तिसरा पर्याय त्यांनी स्वतः तयार केला. तो कळण्यासाठी आधी नगर समजून घ्यावं लागेल.

टिळकांनी नगर का निवडलं?

बाप्तिस्म्यानंतर टिळक नगरला आले. यावेळी हे गाव त्यांच्या लहरीवर ठरलेलं नव्हतं, त्यामागे ठोस कारणं होती.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं. मिशनमधल्या सिंथिया फॅरार या शिक्षिकेने नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना तो अनुभव त्यांच्यासमोर होता. ज्ञानोदय हे नियतकालिकही १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं.

टिळक आले तोवर नगरला मिशनच्या शाळा होत्या आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं विद्यालय होतं. टिळकांना तिथं शिकवायचं काम मिळालं. लिहायला जागा मिळाली, ऐकणारी माणसं मिळाली. धर्म बदललेल्या माणसाला गावातले लोक वाळीत टाकायचे, घर मिळणं मुश्किल व्हायचं. नगरमध्ये असा माणूस एकटा पडत नव्हता.

दळणवळणही सोयीचं होतं. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली होती आणि नगर त्याच मार्गावर. नाशिककडून मनमाडला यायचं, गाडी बदलायची आणि नगरला उतरायचं. वाटेत राहुरी. लक्ष्मीबाईंच्या माहेरापासून नगर रेल्वेने जोडलेलं होतं. वेळ पडली तर परत फिरता येत होतं.

आजच्या भाषेत सांगायचं तर नोकरी, ओळखीचं वर्तुळ आणि गावी जायची सोय, तिन्ही गोष्टी नगरमध्ये होत्या. पण त्या टिळकांसाठी. लक्ष्मीबाईंसाठी नगर म्हणजे जिथं आपलं सोवळं बुडणार ते गाव.

लक्ष्मीबाईंच्या अटी

तरीही त्यांनी नगरला जायचं ठरवलं. नातेवाइकांचा विरोध होता. पण यावेळी त्या पूर्वीसारख्या गाठोडं बांधून मागोमाग निघाल्या नाहीत.

आपलं बिऱ्हाड वेगळं राहील. चूल वेगळी, पाणी वेगळं. सोवळं पाळण्यात कुणी आडकाठी करायची नाही. आणि धर्म बदलण्यासाठी कसलीही जबरदस्ती नको.

टिळकांनी हे मान्य केलं. नगरमध्ये नवरा एकीकडे आणि बायको-मुलगा दुसरीकडे अशी व्यवस्था झाली. लोकांना हे विचित्र वाटलं असणारच. हिंदू शेजाऱ्यांच्या नजरेत ती बाटलेल्याची बायको आणि ख्रिस्ती मंडळींच्या नजरेत हट्टी बाई. दोन्हीकडून कुणाचीच नाही.

पण या व्यवस्थेमुळे एक गोष्ट झाली. लक्ष्मीबाईंना घाई नव्हती. त्या रोज ख्रिस्ती माणसांना जवळून बघत होत्या. त्यांची घरं, त्यांची मुलं, त्यांच्या बायका. त्यातले बरेच जण पूर्वाश्रमीचे महार-मांग समाजातले होते. ज्यांची सावलीही वडिलांनी अंगावर पडू दिली नसती, ती माणसं आता शेजारी होती, अडीअडचणीला धावून येत होती.

मग मनात प्रश्न यायला लागले. देवाने माणसं केली तर जात कुणी केली? विटाळ नेमका कुठं असतो? हे प्रश्न टिळकांनी त्यांना शंभर वेळा ऐकवले असतील. नवऱ्याने ऐकवलं तेव्हा पटलं नाही. स्वतःला प्रश्न पडला तेव्हा उत्तरही स्वतःच शोधलं.

एक दिवस त्यांनी ठरवलं की जात माणसाने केली आहे आणि आपण ती आजपासून मानायची नाही. कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. ठरवलं आणि केलंही. इतक्या कडक सोवळ्यात वाढलेल्या मुलीने हे करणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला येणं अवघड आहे. ज्या घरात पाण्याच्या थेंबावरून दिवस मोडायचा, तिथून निघालेल्या बाईने दुसऱ्याच्या हातून पाण्याचा पेला घेतला. टिळकही चकित झाले.

धर्म बदलायचा निर्णय त्यानंतर आला. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आधी जात सुटली, मग धर्म बदलला. हा क्रम त्यांचा स्वतःचा होता.

तुम्हाला त्यांचा धर्म बदलण्याचा निर्णय पटो अथवा न पटो. पण पाच वर्षांपूर्वी जो निर्णय त्यांच्यावर येऊन आदळला होता, तोच प्रश्न त्यांनी आता स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या डोक्याने सोडवला होता. टिळकांनी तेवढी वाट बघितली, याचं श्रेय टिळकांना द्यायलाच हवं.

नगरचं घर

त्यानंतर नगर आणि राहुरी भागात या दोघांचा खरा संसार सुरू झाला.

दिवस सोपे नव्हते. १८९९-१९०० चा दुष्काळ हा महाराष्ट्रातला मोठा दुष्काळ. लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६ होतं. नगर जिल्हा आधीच कमी पावसाचा. पिकं गेली, जनावरं गेली, माणसं देशोधडीला लागली. मिशनच्या वसतिगृहांत अनाथ मुलांची रीघ लागली. त्यात प्लेगच्या साथी. लक्ष्मीबाईंनी अनाथ मुलांना जेवू घातलं, प्लेगच्या छावणीत आजारी मुलींची देखभाल केली.

टिळक-लक्ष्मीबाईंच्या घरात माणसांची कधी कमी नव्हती. कुणाचं पोरकं मूल, कुणी शिकायला आलेला, कुणी आजारी. तारा नावाच्या मुलीला त्यांनी आपली मुलगी म्हणूनच वाढवलं. पैसे नेहमीसारखेच तोकडे होते, कारण टिळकांची दान करायची सवय गेली नव्हती. फरक इतकाच होता की आता हे घर लक्ष्मीबाईंचंही होतं. त्यामुळे कुणाला ठेवायचं, कसं भागवायचं यात त्यांचा शब्द चालायचा.

याच घरात एक तरुण कवी रहायला आला. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात या मुलाचं कौतुक झालं आणि बालकवी हे नाव मिळालं. टिळकांनी त्याला नगरला आणलं. पोरगा हळवा, लहरी, रुसणारा. टिळकांनी त्याच्या कवितेकडे लक्ष दिलं, लक्ष्मीबाईंनी त्याच्या जेवणाखाण्याकडे आणि रुसव्याफुगव्याकडे. ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती घरात राहतोय याची त्या काळात चर्चा झाली नसती तरच नवल. मात्र बालकवींना धर्म बदलायला कुणी सांगितलं नाही. ज्या घरात लक्ष्मीबाईंना वेळ मिळाला होता, त्या घरात दुसऱ्यालाही तेवढीच मोकळीक मिळाली.

टिळकांच्या लेखणीला बहर आला तोही नगरच्या काळात. १९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, ते रेव्हरंड झाले. त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी शेकडो भजनं लिहिली. इंग्रजी गाण्यांच्या चालींऐवजी तुकोबांच्या अभंगाचं वळण आणलं. ही भजनं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. १९१२ पासून त्यांनी ज्ञानोदयच्या मराठी विभागाचं संपादनही केलं. येशूचं चरित्र सांगणारं ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी सुरू केलं.

पुन्हा बांधाबांध

टिळक एका गावात किती दिवस रमणार? १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. देवाचा दरबार नावाची कल्पना मनात होती. पंथ, चर्च यांच्या पलीकडे, हिंदू असो वा ख्रिस्ती, येशूला मानणाऱ्यांनी एकत्र यावं अशी. मुक्काम साताऱ्याला हलला. पगार बंद, वय पन्नाशीच्या पुढं. लक्ष्मीबाईंनी पुन्हा एकदा घर बांधलं.

हा मुक्काम फार टिकला नाही. टिळक आजारी पडले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. आयुष्यभर गावं बदलणाऱ्या या माणसाची समाधी मात्र नगरला आहे.

एकट्या लक्ष्मीबाई

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीत होत्या. आता मागं जायला कुणी नव्हतं. जे ठरवायचं ते स्वतःच.

त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम करून बघितलं. पुढे काही काळ कराचीत राहिल्या. नाशिकची मुलगी, नागपूर-राजनांदगाव-पंढरपूर-नगर-सातारा करत सिंधपर्यंत पोचली. नवं गाव, नवी भाषा, नवी माणसं, याची भीती त्यांच्या लिखाणात फारशी दिसत नाही. गंमत जास्त दिसते. शेवटी त्या नाशिकला परतल्या, जिथून सुरुवात झाली होती तिथंच.

टिळकांनी ख्रिस्तायनचे सुरुवातीचे अध्यायच लिहिले होते. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिने नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं महाकाव्य पुढं नेलं.

आणि मग स्मृतिचित्रे. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होता. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या. आई लिहायला बसली आणि नवऱ्याच्या आठवणी लिहिता लिहिता स्वतःचं आयुष्य लिहून गेली. १९३४ पासून स्मृतिचित्रेचे भाग प्रसिद्ध व्हायला लागले. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत आज त्याचं नाव पहिल्या काहींमध्ये घेतलं जातं. त्याचे इंग्रजी अनुवाद झाले, त्यातला २०१७ चा अनुवाद शांता गोखले यांचा. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचं निधन झालं.

मग नगरमध्ये नेमकं काय वेगळं झालं?

नागपूरला पैसा जास्त होता. नाशिकला माणसं जास्त होती. मुंबईला संधी जास्त होती. तरीही हा संसार उभा राहिला तो नगरला.

त्यामागे नगरचा वाटा आहेच. शाळा, मिशन, रेल्वे, धर्म बदललेल्यांना मिळणारा आसरा, हे सगळं तिथं होतं. पण हेच नगर लक्ष्मीबाईंच्या अटींशिवाय त्यांच्यासाठी तुरुंग ठरलं असतं. वेगळी चूल मागायची मुभा मिळाली म्हणून त्या आल्या. कुणी ढकललं नाही म्हणून त्या टिकल्या. आणि ती वेगळी चूल पुढं त्यांनी स्वतःच विझवली.

आज नगरचं नाव अहिल्यानगर झालंय. शेवगावहून निघालेली एसटी आजही आधी तिथंच येते. त्यात एखादं तरुण जोडपं असतं, खाली डिकीत बॅगा, मोबाईलवर भाड्याच्या फ्लॅटचे फोटो. नवं शहर जवळपास पक्कं झालेलं असतं. तिने अजून काही अटी घातल्या नसतील, तर पुण्याची गाडी सुटेपर्यंत वेळ आहे.